भारी आवाज

मुलगी त्याला टर्नटेबल म्हणते, बायको ग्रामोफोन म्हणते आणि आई बाजा म्हणते. मी काहीच म्हणत नाही. "ते बंद करा आता", "त्याच्यावर फडकं टाका", एवढंच. घरातल्या एखाद्या वस्तूचं नाव घ्यायचं माणूस टाळतो तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं. माझं कारण मी पन्नाशी उलटेपर्यंत कोणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. तो प्रकार पुढे येईलच.

मुलीचं लग्न ठरलं आणि हळद शेलारला, आमच्या गावच्या घरी करायची असं नक्की झालं. आमच्या लग्नांत भटजी येतात, मंत्र म्हणतात, दक्षिणा घेऊन जातात. पण खरं लग्न लावते ती धवलारीण. हळद दळायला बसल्यापासून ती गाते. सगळ्या देवांना, गावातल्या, शिवारावरच्या, नावं घेऊन लग्नाला बोलावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. आता धवलारणी उरल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. मोबाइलवरून धवले लावतात, नवरीच्या अंगाला हळद लागेपर्यंत मध्येच कुठल्याशा बँकेची जाहिरात वाजते, बायका हसतात आणि विधी पुढे सरकतो.

मुलीला ते नको होतं. ती तिच्या आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे गेली. "आजी, तुला सगळे धवले येतात ना? तूच म्हण."

"मना येतान," आई म्हणाली, "पन माजा आवाज हळदीला चालत न्हाय."

"कोण म्हणतं?"

"हाय ता हाय," असं म्हणून आईने विषय संपवला. आमच्या घरात विषय संपवायची ही जुनी रीत आहे. मी तिच्यावरच गेलोय.

मग बायकोने मुलीला सांगितलं की आजीची एक रेकॉर्ड आहे, तुझ्या पप्पांच्या कपाटात, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. झालं. मुलीने त्याच दिवशी ते यंत्र मागवलं. मी हायवेला ज्या गोडाऊनपट्ट्यात नोकरी करतो, तिथल्याच एका गोडाऊनमधून ते निघालं. ते कुठे पोहोचलं हे मुलगी मला मोबाइलवर दाखवत होती: भिवंडीतून निघालं, भलत्याच शहरात जाऊन आलं, परत भिवंडीत आलं आणि मग आमच्या टेमघरच्या बिल्डिंगीत. "पप्पा, तुम्ही येताना खांद्यावर टाकून आणलं असतंत तर परवाच मिळालं असतं," ती म्हणाली. मी हसलो. मला ते यायलाच नको होतं.

रेकॉर्डची गोष्ट अशी. माझ्या जन्माच्या मागेपुढे कधीतरी मुंबईच्या एका कंपनीची माणसं गावात आली होती. त्यांना लग्नाची गाणी हवी होती. गावची धवलारीण म्हणजे आईची चुलत सासू. तिच्या मागे झील धरायला, म्हणजे तिने ओळ टाकली की ती उचलायला, चार-पाच बायका, त्यांत आई. जीपमध्ये घालून सगळ्यांना मुंबईला नेलं. पहिली बाजू म्हातारीने गायली. पण त्या थंडगार बंद खोलीत तिचा घसा धरला, आणि दुसरी बाजू तिने आईला गायला लावली. आई तेव्हा विशीतली. पुढे जी तबकडी आली, ती हाताच्या पंजाएवढी, छोटी. वर म्हातारीचं नाव आणि पुढे "आणि पार्टी". आई त्या पार्टीत आहे.

तबकडी होती, पण वाजवायला काही नव्हतं. आम्ही तेव्हा भिवंडीतच, नारपोलीत राहायचो, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत. वडील त्याच कारखान्यात. त्यांच्या शेजारच्या लूमवरचा एक भाई कायमचा मुलखाला परत निघाला, तेव्हा आपला प्लेअर आणि सिनेमाच्या दोन-चार तबकड्या वडिलांना देऊन गेला. "ले जा. तेरी बीवी गाती है ना? कम से कम उसका गाना तो सुनेगा." वडिलांना तोवर लूमच्या खटखटीने निम्मंच ऐकू येत होतं. ते यंत्रावर हात ठेवून बसायचे आणि मान डोलवायचे.

तर नवं यंत्र आलं त्या रविवारची सकाळ. आई स्वयंपाकघरात भिजवलेले वाल सोलत बसलेली. तिला आता दाराची बेल ऐकू येत नाही, फोनची तर नाहीच. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती अर्धंअधिक बोलणं समजून घेते. मुलीने तबकडी ठेवली, सुई टेकवली, आणि विहिरीच्या तळातून कोणीतरी गावं तसा एक जड, रेंगाळणारा आवाज हॉलमध्ये आला. मुलगी दचकली. आणि आत बसलेल्या आईने मान वर केली.

"माजा आवाज," ती म्हणाली.

हाताला वालाची सालं चिकटलेली तशीच ती बाहेर आली. तिचा चेहरा मी बरीच वर्षं इतका खुललेला पाहिला नव्हता. मुलीने तिला मिठीच मारली. "आजी, ही तू? कसला भारी आवाज आहे गं तुझा!"

आईचा चेहरा उतरला. "हां, भारीच हाय," म्हणाली आणि वळून परत वालांपाशी जाऊन बसली.

"मी काय वाईट बोलले?" मुलगी आमच्याकडे बघायला लागली.

"काही नाही गं, चांगलंच बोललीस," बायको म्हणाली. तिलाही कळलं नव्हतं. मला कळलं होतं. मुलीच्या भाषेत भारी म्हणजे मस्त, झकास. आईच्या भाषेत भारी म्हणजे जड. आणि हा शब्द तिला याच तबकडीवरून पूर्वी एकदा ऐकावा लागला होता. मी म्हणू शकलो असतो की आई, पोर तुझं कौतुक करतेय. म्हटलं नाही. पेपर घडी घालून ठेवला, पुन्हा उघडला.

एवढ्यात मुलीने कपाळावर हात मारला. "पप्पा, ही पंचेचाळीसची रेकॉर्ड आहे! मी तेहतीसवर लावली. स्पीड चुकली." तिने खटका सरकवला आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. या वेळी जो आवाज आला तो बारीक, स्वच्छ, उड्या मारत जाणारा. "आजी, ये, ये! आता ऐक, हा तुझा खरा आवाज."

आई आली. कानामागे हात धरून उभी राहिली. बराच वेळ ऐकलं तिने.

"ही कोन?"

"तूच!"

"न्हाय. आमची म्हातारी असंल."

"अगं, दुसरी बाजू आहे ही. तूच सांगितलंस ना, दुसरी बाजू तुझी."

"मंग तबकडी बदलली कुनी," आई म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी पंख्याकडे पाहिलं.

तबकडी कोणी बदललेली नाही. पण ती म्हणाली त्यात काहीतरी आहे, आणि ते सांगायला मला नारपोलीच्या खोलीत जायला हवं. भिवंडीत लूमना सुट्टी शुक्रवारी. बाकीचे दिवस सगळा गाव एकदम वीज ओढायचा. आमच्या खोलीतला बल्ब दिवसा लावला तर पिवळा पडायचा, पंख्याची पाती मोजता यायची, आणि प्लेअरची मोटर दमल्यासारखी फिरायची. मोटर हळू फिरली की गाणं हळू होतं, आवाज खाली उतरतो, जाड होतो. आम्हाला हे कुठे माहीत? तबकडी आमच्या घरी पहिल्यांदा वाजली ती अशा दिवशी वाजली, आणि आम्ही समजलो की रेकॉर्डमध्ये आवाज असा येतो.

आईनेही तेच मानलं. याचं मला अजून नवल वाटतं. तिला आपला घसा माहीत होता, आपण कसं गातो हे तिने आयुष्यभर आतून ऐकलं होतं. पण मुंबईच्या माणसांनी छापून दिलेल्या वस्तूतून वेगळंच काही ऐकू आल्यावर तिने घशावर विश्वास ठेवला नाही, वस्तूवर ठेवला. एकदा आजूबाजूच्या बायका तबकडी ऐकायला जमल्या होत्या. दुपार होती, लूम चालू होते. गाणं सुरू झालं तशी एक जण म्हणाली, "भारी आवाज गो तुजा! बाप्या गातोय का बाई?" बाप्या म्हणजे पुरुष. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आईही हसली. तिने चहा केला सगळ्यांना.

पुढे गावाहून हळदीचं बोलावणं आलं की ती घसा बसलाय म्हणायची. मग बोलावणी यायची थांबली.

आता शुक्रवार. माझी शाळा सकाळची. शुक्रवारी आईवडील दोघेही शेलारला शेतावर जायचे, संध्याकाळी परत यायचे. दुपारी मी घरी एकटा. लूम बंद म्हणजे आमच्याकडे जी शांतता होते, ती बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. कानात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. अशा एका शुक्रवारी मी तबकडी लावली आणि तिच्यातून दुसरीच बाई गायला लागली. बारीक आवाजाची, तरुण, हसऱ्या तोंडाची. मी तिला बघितलंच जणू. नऊ-दहा वर्षांचा असेन. मला वाटलं, तबकडीत दोन बायका आहेत. एक आई, आणि एक फक्त शुक्रवारी येते.

मी ती बाई कोणाला दाखवली नाही. दर शुक्रवारी दार लावून ऐकायचो आणि तबकडी होती तशी ठेवून द्यायचो. आणि हे लिहायला जड जातंय, पण आता लपवून काय करायचं: ती बाई मला आईपेक्षा आवडायची. संध्याकाळी आई चिखलाने भरलेले पाय घेऊन यायची, मोठ्याने बोलायची, कारण लूमच्या शेजारी राहणारी सगळी माणसं मोठ्यानेच बोलतात, हातवारे करून बोलतात. आणि मला वाटायचं की ती दुसरी आली असती तर.

शाळेत माझे दोस्त शहरातल्या जुन्या घरांतले. कोणाचे वडील मास्तर, कोणाचे कचेरीत कारकून. एकाने एकदा विचारलं होतं, "तुझी आई लोकांच्या लग्नात गाते ना? मग तुम्हाला जेवण फुकट?" त्याने काही वाईट मनाने विचारलं नसेल. मी म्हटलं, "ती आमची आई नाही, गावची बाई आहे." वाक्य एवढंच. त्यानंतर आईने गाणं सोडलं, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं, असंच लिहितो. दुसरा शब्द नाही.

आता घोटाळा इथे आहे. आवाज जड का येतो, ते मला कधी कळलं? आठवी-नववीत, विजेचा धडा शिकवताना मास्तर व्होल्टेजबद्दल बोलले, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, असं मला आठवतं. घरी जाऊन आईला सांगायचं म्हणून मी पायऱ्या चढलो आणि दारात गप्प झालो, हेही आठवतं. पण आमच्या नारपोलीच्या खोलीला पायऱ्या नव्हत्या. ती तळमजल्यावर होती. मग मी कुठल्या पायऱ्या चढलो? की हे सगळं मी मागाहून, मोठेपणी, कधीतरी मिस्त्री मोटर दुरुस्त करताना बघून जुळवलं आणि मागे नेऊन ठेवलं? तेव्हा कळलं असेल तर मी जाणूनबुजून गप्प राहिलो. तेव्हा कळलं नसेल तर मी एक लाजरं पोर होतो, एवढंच. दोन्हींत केवढं अंतर आहे. आणि मला ठरवता येत नाही. एवढी वर्षं मी जे ओझं वाहतोय ते माझंच आहे की नाही, याची पावती माझ्याकडे नाही.

मुलीने दरम्यान तबकडीवरचं गाणं मोबाइलमध्ये उतरवलं. बारीक आवाजातलं. घरच्या ग्रुपवर टाकलं. शेलारहून, कल्याणहून फटाफट उत्तरं आली: भारी, लय भारी, एकच नंबर. आईला कोणी वाचून दाखवलं नाही हे बरं झालं. मग मुलीने मला आणखी एक गंमत दाखवली. मोबाइलमध्ये गाण्याची चाल हळू करता येते आणि आवाज मात्र आहे तसाच ठेवता येतो; किंवा आवाज खाली आणायचा आणि चाल तीच. "कसा हवाय सांगा पप्पा, तसा करते."

माझ्या लहानपणी दोन बायका होत्या. आता पाहिजे तेवढ्या.

मी मुंबईला जाऊन जुन्या सामानाच्या एका दुकानातून आणखी काही तबकड्या आणल्या. नव्याच भानगडीत पडलो म्हणून बायकोला आनंद झाला. मी एवढ्यात कशात पडलो नव्हतो. लहानपणी घरी प्लेअरवर ऐकलेलीच गाणी निवडून आणली. सुट्टीच्या दिवशी लावून बसायचो, आणि प्रत्येक गाणं मला घाईत असल्यासारखं वाटायचं. तशी रेडिओवर, कॅसेटवर, मोबाइलवर आयुष्यभर मला सगळीच गाणी घाईत वाटत आली. मी समजायचो, मी मुळातच संथ माणूस आहे. आता वाटतं, मी फक्त कमी व्होल्टेजवर वाढलेला माणूस आहे. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, तरीच!"

हळद जवळ आली. मुलीने बेत केला की आजी गात नाही तर तिची तबकडीच मांडवात लावायची. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लाव की. तिचा आवाज बरा हाय, त्या बायचा." त्या बायचा. मला जेवण गेलं नाही.

शेवटी एका दुपारी बायको आणि मुलगी साड्यांना फॉल लावायला टाकायला बाहेर पडल्या, तेव्हा मी आईसमोर बसलो. आणि मला कळलं की जे मी कधी कुजबुजतसुद्धा बोललो नाही, ते मला ओरडून सांगावं लागणार आहे.

"आई, ती बाई तूच आहेस!"

"कोन आली?"

"कोणी नाही आलं! तबकडीवरचा बारीक आवाज! तो तुझा! आपल्याकडे वीज कमी यायची! वोल्टेज!"

"कोन वारला?"

"वारला नाही! वोल्टेज! लूम चालू असले की बाजा हळू फिरायचा! म्हणून आवाज जड यायचा! तुझा आवाज जड नव्हता! मला माहीत होतं! मी शुक्रवारी ऐकायचो! मी तुला सांगितलं नाही!"

दाराची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधला तरुण माणूस होता. "अंकल, सब ठीक है ना? कोई गिर गया क्या?"

"नहीं नहीं, माँ से बात कर रहा हूँ," मी म्हटलं.

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला, पण जाता जाता माझ्या डोळ्यांकडे बघून गेला. ते ओले होते.

परत आलो तर आई तशीच बसलेली. तिने सगळं समजून घेतलं होतं. माझे ओठ तिला पाठ आहेत.

"यवडाच ना?" ती म्हणाली.

"एवढंच कसं? त्याच्यापायी तू गाणं सोडलंस."

"कोन बोलला तुला?" ती खरोखरच चकित झाली. "ती बाय 'बाप्या' बोलली म्हनून? आरं, बायका बोलतानच. मी तिला काय कमी बोलली हाय? आवाजापायी कोन गाना सोडतय?"

"मग?"

ती जरा वेळ साडीचा काठ सरळ करत राहिली. "तू तोंड फिरवायचास. हळदीचा बोलावना आला का तू तोंड फिरवून बसायचास, जेवायचा न्हायस. एकदा बाजारात तुजी शाळेतली पोरा भेटली, तवा तू माज्या मागं लपलास न्हाय, माज्यापासून लपलास. मना दिसला ता. मी म्हनला, जाऊ दे. पोर शिकतंय."

मी एवढी वर्षं एक कुलूप सांभाळत बसलो होतो आणि ते भलत्याच दाराला लावलेलं होतं. बाजारातला प्रसंग मला आठवतच नाही. पायऱ्या आठवतात, ज्या नव्हत्या; आणि हे, जे घडलं, ते नाही. की तीच आता काहीतरी वेगळं जुळवतेय? तिला विचारावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडाने विचारणार, आणि तेही ओरडून.

"मी सांगितलं असतं तर तू गायली असतीस?"

"ता तुलाबी म्हाईत न्हाय आन मनाबी न्हाय," आई म्हणाली. "लाव आता तो बाजा."

मी पंचेचाळीसवर लावली. तिने मान हलवली. "ही न्हाय. डाक्टर बोलला ना, मना बारीक आवाज येत न्हायत. माजी लाव." मी खटका तेहतीसवर आणला. पहिल्या रविवारी यालाच तिने आपला आवाज म्हटलं होतं. आता जवळ बसून ऐकल्यावर तोही तिला पटेना. "यवडीबी मेलेली न्हवती मी." मग मी पुन्हा पंचेचाळीसवर ठेवून तबकडीच्या कडेला बोट टेकवलं. हलकं, फिरू देत, पण ओढ लावत. आवाज उतरत आला. "आनखी थोरा. आनखी. हां. हां, हीच मी."

ती गायला लागली. आत्ताचा तिचा आवाज, सत्तरी ओलांडलेला, लूमशेजारी ओरडून ओरडून फाटलेला, आणि तबकडीवरचा माझ्या बोटाने ओढून धरलेला. दोन्ही एका जागी आले. कुठला कुठला ते कळेना. मी त्यांतला खोटा शोधत होतो आणि मला सापडत नव्हता. बोट दुखायला लागलं, पण काढलं नाही. मुलगी आली तेव्हा दारातूनच ओरडली, "पप्पा! मोटर जाईल त्याची!"

मोटर गेली नाही. पण हळदीला ते यंत्र लागलंही नाही. शेलारच्या अंगणात मांडव घातला होता, जात्याला आंब्याची डहाळी बांधली होती, मुलीने टेबलावर सगळं जोडून ठेवलं होतं. आईने जात्याच्या खुंट्याला हात लावला, म्हणाली, "बंद ठेव ता," आणि सुरुवात केली. जड आवाज, दम लागतोय, एक देव विसरली तर मागच्या बायकांनी आठवण करून दिली. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती एका हाताने मोबाइल धरून ते उतरवून घेत होती.

मी ठरवलं होतं की आईच्या समोर उभं राहायचं, तोंड फिरवायचं नाही. उभा राहिलो. पण आई डोळे मिटून गात होती. तिने पाहिलं की नाही, कोण जाणे.

नवऱ्याकडून हळद घेऊन आलेल्यांपैकी एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बँकेतले वगैरे असावेत, शहरी बोलणं. त्यांनी विचारलं, "धवलारीण कुठून आणलीत? आता मिळत नाहीत."

"इथलीच. शेलारची," मी म्हटलं.

ते मान हलवून पुढे गेले. कोणी टोचून विचारलं नव्हतं, कोणी हसलं नव्हतं, माझं पन्नाशीच्या वरचं वय, मुलीची हळद, तरी शाळेतलं तेच वाक्य आपोआप बाहेर आलं होतं. गावची बाई आहे.

मी त्यांच्या मागे गेलो. ते तोवर पंगतीत बसले होते, पानावर भात पडत होता. मी वाकून म्हटलं, "ती धवलारीण. माझी आई आहे ती."

पंगतीच्या गोंगाटात त्यांना नीट ऐकू गेलं नाही. "काय?"

"माझी आई आहे!" मी ओरडलो. दोन्ही बाजूंची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"हो का?" ते म्हणाले, आणि अंगणाकडे कान देऊन क्षणभर ऐकलं. "भारी आवाज आहे हो."

कोणत्या अर्थाने, ते मी विचारलं नाही. त्यांच्या भातावर वरण वाढलं आणि परत मांडवात जाऊन उभा राहिलो.